बाळाच्या ओकारीचा इतिहास

आमची धाकटी मुलगी तीन आठवड्यांची झाली आणि प्यालेले दूध टाकू लागली. तान्ही मुले थोडेफार दूध टाकतातच. त्याचे कुणी फारसे मनावर घेत नाही. पण हिची गोष्ट निराळी होती. पाजून खांद्यावर घ्यावे, ढेकर निघावी, आता निजेल म्हणून अंथरुणावर ठेवावे, तो घटकाभरात सारे दूध तोंडावाटे, कधी नाकावाटे, बाहेर. मग पाठीची कमान करून असे रडणे की शेजारच्या घरातला दिवा लागावा. आम्ही दोघे आळीपाळीने तिला उभी धरून रात्र काढीत असू. एका रात्री पहाटेपर्यंत अकरा पंचे भिजले. सरकारी नोकरीमुळे मोजदाद करण्याची सवय अंगी जडलेली, म्हणून तो आकडा लक्षात राहिला.

तेव्हा आम्ही दुर्गला होतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला, आणि पुढे इंग्रजी अमदानीत हा मुलूख नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतात राहिला. त्यामुळे मराठी कारकून, वकील, शिक्षक यांची घरे येथे पिढ्यान् पिढ्या आहेत. १९५६ साली नागपूर आणि दुर्ग यांची राज्ये वेगळी झाली. माणसे मात्र होती तेथेच राहिली. आमच्या घरी त्या दिवसांत नागपूरहून सासूबाई आल्या होत्या, आणि मुलीला तेल लावावयास गावातली एक वृद्ध छत्तीसगढी दाई येत असे.

या एका ओकारीची तीन निदाने आमच्या घरात एकाच आठवड्यात झाली. सासूबाई म्हणाल्या, "दूध जड आहे. काय खाल्लंस तू?" दाई म्हणाली, नजर लागली आहे, लेकराला घेऊन तिन्हीसांजेला अंगणात कशाला उभी राहिलीस? भिलाईच्या डॉक्टरांनी मुलीचे वजन पाहिले, पोट चाचपले आणि सांगितले की अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथील स्नायूंचे कडे अजून कच्चे आहे. ते नीट आवळले जात नाही म्हणून दूध मागे येते. इतिहास हा माझा एम. ए.चा विषय. म्हणून या तिन्ही निदानांची कुळी शोधावी असे मला वाटले. परंतु शोधाला खरे कारण झाले ते दुसरेच. पहिल्या दोन निदानांत दोषी एकच व्यक्ती ठरत होती, आणि ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून डोळे पुशीत होती.

सासूबाईंचे निदान चरकसंहितेइतके जुने आहे. चरकाने आईच्या किंवा दाईच्या दुधाचे आठ दोष सांगितले आहेत: चव बिघडणे, फेस धरणे, रूक्षपणा, रंग पालटणे, दुर्गंधी, फाजील स्निग्धता, चिकटपणा आणि जडपणा. दूध अतिस्निग्ध झाले की बाळाला ओकाऱ्या होतात, ते कुंथते, त्याच्या तोंडातून लाळ गळते, असे तो म्हणतो. उपचार बाळावर नव्हे, पाजणारीवर करावयाचा. तिला वमन-विरेचन देऊन शुद्ध करावे आणि दूध शोधणारी दहा औषधे द्यावी. त्यांत पहाडमूळ, सुंठ, देवदार, नागरमोथा, गुळवेल, कुटकी ही मंडळी आहेत. यात एक शहाणपण होते, हे कबूल केले पाहिजे. तीन आठवड्यांच्या जिवाला कडू काढे पाजण्यापेक्षा ते मोठ्या माणसाने घेतलेले बरे. पण त्यातूनच एक रीतही पडून गेली. बाळाचे काही बिघडले की आईचे ताट तपासावयाचे.

आमच्या घरी हरभऱ्याची डाळ बंद झाली, मग वांगे, मग कांदा, मग दही. चौथ्या आठवड्यात माझी पत्नी मुगाचे वरण, भात आणि तूप एवढ्यावर होती. मुलगी पूर्वीइतकेच ओकत होती.

दाईचे निदानही तितकेच कुलीन आहे, हे ऐकून कुणाला आश्चर्य वाटेल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मुलांना पछाडणाऱ्या नऊ ग्रहांची वर्णने आहेत. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना हे त्यांतलेच. अंधपूतनेने धरलेले मूल स्तन नको म्हणते, त्याला अतिसार, खोकला, उचकी, ओकारी आणि ताप होतो, असे तेथे सांगितले आहे. लक्षणे डोळस वैद्याने टिपलेली आहेत. कारण मात्र अदृश्यात शोधले आहे. ग्रह शिरतो केव्हा? आईने किंवा दाईने शुचिता सोडली, आचार मोडला, की. म्हणजे येथेही फिरून बोट तिच्याकडेच. भागवतातली पूतना तर स्तनाला विष लावूनच गोकुळात येते. दूध पाजणारी स्त्रीच घातकी असू शकेल, ही भीती आपल्या कथेत फार खोल मुरलेली आहे. मराठी घरांत पाचवीला सटवाईची पूजा होते, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतात, त्यामागे हीच जुनी धास्ती आहे. दाईने दृष्ट काढली तेव्हा मी अडवले नाही. त्या पाच मिनिटांत घरातले कुणीतरी काहीतरी करीत आहे एवढा दिलासा सर्वांनाच मिळाला.

या सर्वांहून वेगळा आवाज एका ग्रंथाचा आहे, आणि तो ग्रंथ बराच काळ हरवलेला होता. काश्यपसंहिता हा केवळ बालवैद्यकाला वाहिलेला संस्कृत ग्रंथ. त्याचे खंडित ताडपत्री हस्तलिखित नेपाळात राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहात मिळाले आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ते प्रसिद्ध केले. त्यात वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखावे कसे, हा त्याचा विषय. पोटात शूळ उठलेले बाळ स्तन सोडून देते, रडते, उताणे होऊन मोडल्यासारखे करते, त्याचे पोट ताठ होते, तोंडावर घाम येतो. ज्याला काही कारण नसता वारंवार ढेकर येतात आणि झोप-जांभयांनी जे घेरलेले असते, त्याला ओकारी होणार असे समजावे. हे वाचताना मी थबकलो. कमान करून रडणारी आमची मुलगीच कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी पाहून ठेवली होती! ग्रहांवर काश्यपाचाही विश्वास आहे. रेवतीविषयी तर त्याने विस्ताराने लिहिले आहे. पण या एका प्रकरणात तो कोणाला दोष देत बसत नाही. बाळाकडे पाहतो.

मधल्या शतकांत घरोघरची बाळगुटी चालत राहिली. सहाणेवर आईच्या दुधात उगाळलेले वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा यांचा तो वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे. मग बाटली आली. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ च्या सुमारास ग्राइप वॉटर विकावयास काढले. शेप्याचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असा त्याचा मूळ घाट होता. सापाशी झुंजणाऱ्या बाल हर्क्युलिसचे चित्र मिरवणारी ती बाटली हिंदुस्थानातही बाळंतिणीच्या खोलीत उगाळलेल्या गुटीशेजारी जाऊन बसली. ब्रिटनमध्ये त्यातील मद्यार्क पूर्णपणे जावयास १९९२ साल उजाडावे लागले. बाळे त्याने शांत होत, यात नवल ते काय!

तिसऱ्या निदानाची कुळी मात्र अगदी अलीकडची आहे. १९४७ साली बॉस्टनमध्ये न्यूहाउझर आणि बेरेनबर्ग या दोन डॉक्टरांनी ओकऱ्या बाळांना बेरियम पाजून क्ष-किरणांखाली पाहिले. गिळलेले द्रव्य जठरात उतरे आणि मग बिनबोभाट पुन्हा वर येई. वाट अडविणारे काही नव्हतेच. शैथिल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या स्थितीला 'कलेझिया' असे नाव दिले. उपाय सांगितला तो असा की बाळाला पाजल्यानंतर उभे धरावे. आजीबाई तेच सांगत आल्या होत्या. आता त्याला कारण सापडले. दूध निर्दोष होते. कच्चे होते ते कडे, आणि ते कोणाच्याही आचारामुळे कच्चे नव्हते.

पुढे १९५९ साली बेलफास्टच्या आयव्हो कॅरे या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचा वर्षानुवर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याची मुले साध्या ओकरेपणाच्या पुढची होती. त्यांच्या जठराचा काही भाग छातीत सरकलेला होता. तरीही विशेष उपचारावाचून त्यांतली सुमारे साठ टक्के मुले दीड वर्षाची होईतो बरी झाली. काहींचे दुखणे चार वर्षांपर्यंत रेंगाळले. थोड्यांची अन्ननलिका आकसली, आणि शंभरांत पाचांच्या आसपास दगावलीही. हा शेवटचा आकडा विसरता येत नाही. ज्याला आपण 'होईल बरे' म्हणतो, त्यात कधी कधी न होण्याचीही शक्यता असते.

त्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. हा योगायोग केवळ सनावळीचा आहे. पण दुर्गात बसून विचार करणाऱ्याला तो सुटत नाही. या पोलादनगरीत देशाच्या साऱ्या प्रांतांतून तरुण जोडपी आली. सेक्टरांच्या क्वार्टरांतून तान्ही मुले रडू लागली, आणि कित्येक घरांत गुटी उगाळणारी आजी नव्हती. टोमणा मारणारीही नव्हती, हे खरे. पण मध्यरात्री मूल हातांतून घेऊन 'तू जरा पड' म्हणणारे माणूसही नव्हते. जुन्या व्यवस्थेत दोष आणि आधार एकाच हातून मिळत. सासूबाई आईचे ताट तपासत, आणि पहाटे चार ते सहा मुलीला मांडीवर उभी धरून त्याच बसत.

कारण सापडले तरी उपाय सापडला असे मात्र झाले नाही. यानंतरचा इतिहास उपायांच्या चढउताराचा आहे. अशा बाळांना पालथे निजवावे, असा सल्ला एक काळ तज्ज्ञ देत असत. पालथे निजणाऱ्या बाळांत झोपेतल्या अकस्मात मृत्यूचे प्रमाण अधिक, हे ध्यानात आल्यावर १९९१-९२ च्या सुमारास ब्रिटन-अमेरिकेत तो सल्ला फिरवावा लागला. आज ओकरे बाळही उताणेच निजवावे असे सांगतात. सिसाप्राइड नावाचे औषध बाळांना सर्रास दिले जाई. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा विपरीत परिणाम होतो म्हणून ते अमेरिकेत २००० साली उठले, आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. २००९ साली १६२ बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आम्ल कमी करणारे औषध दिले, अर्ध्यांना औषध नसलेले द्रव. दोन्ही गटांत सुधारलेल्या बाळांचे प्रमाण सारखेच निघाले, शेकडा चौपन्न. कचेरीत एखादे प्रकरण बिघडले की जबाबदारी निश्चित केल्यावाचून फाईल मिटत नाही. आणि जबाबदारी निश्चित झाली की काहीतरी कारवाई दिसावी लागते. बालवैद्यकाचीही काही वर्षे अशीच गेली असे मला वाटते.

चरकाला मात्र अगदीच मोडीत काढू नये. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिन सोसत नाही, आणि ते आईच्या दुधातून त्यांच्यापर्यंत पोचते, हे आजचे वैद्यकही मानते. अशा बाळाच्या आईला दोन ते चार आठवडे दूधदुभते वर्ज्य करावयास सांगून पाहतात. पण हा ठराविक मुदतीचा प्रयोग असतो. गुण आला नाही तर ताट पूर्ववत. आमच्याकडे डाळ, वांगे, कांदा यांना कुणी मुदत घालून दिली नव्हती.

भिलाईच्या डॉक्टरांनी आम्हांला औषध दिले नाही. वजन वाढते आहे, म्हणाले. थोडे थोडे आणि वारंवार पाजा, मध्ये ढेकर काढा, पाजल्यावर वीस-तीस मिनिटे उभी धरा. हिरवी किंवा रक्ताची ओकारी झाली, पोट फुगले, ओकारी पिचकारीसारखी लांब उडू लागली, वजन थांबले किंवा मूल मलूल झाले, तर मात्र रात्र असली तरी थेट निघून या. मग पत्नीकडे वळून त्यांनी विचारले, "आपण काय जेवता?" तिने सांगितले. ते क्षणभर थांबले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, हिला सगळं खाऊ द्या. दूध चांगलं आहे." सासूबाई काही बोलल्या नाहीत.

पुढे पाच महिने पंचे भिजतच राहिले. मुलगी बसू लागली तसे ते कमी होत गेले, आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास कधीतरी थांबले. नेमके केव्हा, याची मोजदाद मी ठेवली नाही. त्या दवाखान्याच्या दिवशीचे मात्र लक्षात आहे. परतताना सासूबाईंनी दुर्गच्या बाजारात गाडी थांबवावयास लावली, आणि त्या रात्री आमच्याकडे भरली वांगी झाली.