डब्याचा अर्धा तास

हल्ली आमच्या पेशात बेन्टोचं फॅड आलंय. कप्प्याकप्प्यांचा जपानी पद्धतीचा डबा, एका कप्प्यात भात, दुसऱ्यात परतलेली भाजी, कोपऱ्यात उकडलेलं अंडं, आणि झाकण लावायच्या आधी एक फोटो. मला त्यात वावगं काहीच वाटत नाही. मी स्वतः रविवारी रात्री फरसबी चिरून ठेवतो आणि सोमवारी भातावर तीळ पेरतो. पण "बेन्टो म्हणजे नवीन काहीतरी, आणि आपला डबा म्हणजे जुनाट" असं कोणी म्हटलं की मात्र मला बोलावंसं वाटतं. कारण हे दोघं सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की आहेत. आणि दोघांची कहाणी एका अर्ध्या तासाभोवती फिरते.

आधी शिदोरी घ्या. शिदोरी ही प्रवासाची, शेताची. फडक्यात बांधलेली भाकर, चटणी, कांदा. भूक लागली, झाड दिसलं, बसलो आणि खाल्ली. तिला घड्याळ माहीत नाही. जपानमध्येही सुरुवात अशीच आहे. शिजवून वाळवलेला भात (होशी-ई) प्रवासी आणि सैनिक बरोबर नेत, पाण्यात भिजवून खात. पुढे एदो काळात नाटकाच्या दोन अंकांच्या मधे खायचा 'माकुनोउची' बेन्टो आला. नाटकातला 'माकु' म्हणजे पडदा. पडदा पडला की खायचं, उघडायच्या आत संपवायचं. बघा, इथे मध्यंतर आलं! १८८५ साली उत्सुनोमिया स्टेशनावर भाताचे गोळे बांधून विकायला सुरुवात झाली, तो जपानमधला पहिला रेल्वे-बेन्टो असं सांगतात. म्हणजे मध्यंतरापाठोपाठ टाइमटेबलही आलं. आणि त्याच मेजी काळात कमरेला डबा लटकवून कचेरीत जाणाऱ्या कमी पगाराच्या कारकुनाला 'कोशिबेन' हे नाव पडलं. कोशि म्हणजे कंबर. आपल्याकडे 'डबा घेऊन जाणारा' म्हटलं की जो माणूस डोळ्यासमोर येतो ना, अगदी तोच.

तर मुद्दा असा, की शिदोरीचा डबा केव्हा होतो? जेव्हा खायची वेळ दुसरा कोणीतरी ठरवतो तेव्हा.

आता मुंबईत या. गिरण्या उभ्या राहिल्या, भोंगा आला, पण जेवायची सुट्टी काही आली नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना दिवसातून एक तास विश्रांती दिली. (हो, सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवायला त्या कायद्याची हरकत नव्हती.) मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हतं. यंत्र चालू, माणसानेच कसंतरी वेळ काढून चार घास खायचे.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्याला शाळेत एका ओळीत उरकून टाकतात. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या वाचताना मी थांबलो. रविवारी सुट्टी द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. पगार वेळेवर द्या. कामात जखमी झाला तर त्याची सोय बघा. आणि दुपारी अर्धा तास सुट्टी द्या.

फक्त अर्धा तास! साडेपाच हजार लोकांनी सह्या करून मागायची ही गोष्ट होती. पुढची सहा वर्षं सभा, अर्ज, निवेदनं चालूच राहिली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आणि १८९१ च्या सुधारित कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवण्याची तरतूद आली. आपण सगळे जो लंच ब्रेक म्हणतो, त्याचा कायद्यातला जन्म हा असा.

आता एक गंमत बघा. डबेवाल्यांची परंपरा जे वर्ष सांगते ते आहे १८९०! महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं घेऊन काम सुरू केलं. माणसं बहुतेक मावळ, मुळशी, जुन्नर, राजगुरुनगर भागातली. एकाच वर्षी घडलं म्हणून एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही, कारण डबेवाले मुख्यतः कचेऱ्यांना जेवण पोचवत आणि लोखंड्यांची लढाई गिरणीतली होती. पण शहराचा दिवस घड्याळाने कापायला सुरुवात झाल्याच्या या दोन खुणा आहेत एवढं नक्की.

डबेवाल्यांच्या पद्धतीवर खूप लिहून झालंय. झाकणावर ठळक आकडा कुठल्या भागात पोचवायचं ते सांगतो, कडेच्या खुणा कोणी पोचवायचं, कुठली इमारत, कितवा मजला ते सांगतात, आणि निघायचं स्टेशन वेगळं लिहिलेलं असतं. आमच्या भाषेत पॅकेटचा हेडरच. रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत, म्हणजे पोच पावतीसुद्धा आहे! २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केस स्टडी केला. पण या कौतुकात एक साधी गोष्ट सुटते असं मला वाटतं. डबेवाला डबा पोचवतो हे खरं, पण तो सकाळचे दोन-तीन तासही देतो. साहेब आठच्या लोकलला गेले तरी डबा घरातून नऊनंतर निघतो. म्हणजे घरच्या बाईला स्वयंपाकासाठी पहाटे चारला उठायची गरज उरत नाही. घरचं, आपल्या खाण्यापिण्याच्या नियमांतलं अन्नही मिळतं आणि झोपही. पण ही सोय मुंबईची, कारण तिथे घर आणि कचेरी यांच्यामधे लोकल आहे.

आमच्या कोराडीत ती सोय कधीच नव्हती, कारण अंतरच नव्हतं. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, म्हणजे विदर्भाला भोंगा जुनाच. पण कोराडीत तो आला औष्णिक वीज केंद्राबरोबर. १२० मेगावॅटचा पहिला संच १९७४ चा, आणि १९८३ पर्यंत सात संच मिळून ११०० मेगावॅट. (ते जुने १२० चे चारही संच आता बंद आहेत. २०१५ ते २०१७ मध्ये ६६० मेगावॅटचे तीन नवीन आले.) कॉलनी आणि प्लांट शेजारी शेजारी, तीन पाळ्या, आणि डबा ज्याचा त्याने सायकलच्या हँडलला अडकवून न्यायचा.

आणि इथे अर्ध्या तासाची गोष्ट अवघड होते. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टने सांगितलं की सलग पाच तासांहून जास्त काम नको, मधे निदान अर्धा तास विश्रांती हवी. १५० हून जास्त कामगार असतील तर जेवायची खोली, २५० हून जास्त असतील तर कॅन्टीन. छानच. पण त्याच कायद्यात अखंड चालणाऱ्या कामांना या विश्रांतीच्या कलमातून सूट द्यायची सोयही होती. बॉयलर काही जेवायला थांबत नाही हो! एकाने पॅनलकडे बघायचं, तोवर दुसऱ्याने दोन घास खायचे, असंच ते चालणार. म्हणून पाळीचा डबा थंड खाल्ला तरी चालेल असाच असावा लागतो. घट्ट झुणका, सुकी भाजी, पोळी किंवा भाकर. रस्सा नको, सांडतो. बेन्टोची पुस्तकं तरी वेगळं काय सांगतात? ओलं भरू नका, भात गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, कप्पा हलणार नाही असा घट्ट भरा.

डब्याच्या धातूतही साम्य आहे. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये अॅल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली, आणि पुढे हा हलका, स्वस्त धातू घरोघरी गेला. आपल्याकडे त्याला अजूनही 'जर्मन' म्हणतात. जर्मनच्या डब्यात आंबट ठेवू नये हे प्रत्येक आईला ठाऊक. जपानमध्ये भाताच्या मधोमध खारवलेलं आंबट उमेबोशी ठेवत आणि त्यातल्या आम्लाने अॅल्युमिनियमच्या झाकणाला भोकं पडत! शेवटी धातूवर थर चढवायची अल्युमाइट पद्धत आली तेव्हा तो प्रश्न मिटला. आपण स्टीलकडे वळलो.

आता खरं म्हणायचं ते. दुपारच्या अर्ध्या तासाला लोखंडे मिळाले, कायदा मिळाला, कलमं मिळाली. सकाळच्या अर्ध्या तासाला काय मिळालं? पहिल्या पाळीचा माणूस सहाला निघणार असेल तर घरात कोणीतरी साडेचारला कणीक मळत असतं. त्याच्या पाळ्या आठवड्याला बदलतात, म्हणून तिच्याही बदलतात. तिची नोंद कुठल्या मस्टरवर नाही. मला तरी अख्ख्या कामगार कायद्यात डबा भरणाऱ्याचा उल्लेख सापडला नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही.

म्हणून मला बेन्टोच्या फॅडमधली एक गोष्ट मनापासून आवडते. २००९ च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, जपानमध्ये एक शब्द गाजला, 'बेन्टो दान्शी'. म्हणजे स्वतःचा डबा स्वतः भरून ऑफिसला नेणारे पुरुष. कारण पैसे वाचवणं हेच असेल, असू दे. त्या निमित्ताने सकाळचा अर्धा तास खाणाऱ्याच्या नावावर तर आला!

राहिला दुपारचा. जपानच्या १९४७ च्या कायद्यात सहा तासांवर काम असेल तर ४५ मिनिटं आणि आठ तासांवर असेल तर एक तास विश्रांती आहे, आणि ती कामगाराने हवी तशी वापरायची असंही स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे आमच्यासमोर बॉयलर नसतो, तरी आम्ही एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने मेलला उत्तर देतो. कॉल चालू, माइक म्यूट, तोंडात घास. कोणी जबरदस्ती केलेली नसते बरेचदा. साडेपाच हजार माणसांनी सह्या करून मागितलेली गोष्ट आपण अशी फुकटात परत देतो.

तेव्हा सोमवारी डबा तुम्हीच भरा. बेन्टो म्हणा, डबा म्हणा, भाकर-तुकडा म्हणा. आणि दुपारी तो उघडाल तेव्हा स्क्रीन लॉक करून, चार जणांबरोबर बसून, पूर्ण अर्धा तास जेवा.

असो. आज एवढंच. ओट्यावर फरसबी वाट बघतेय :-)