एसयूव्हीचे बदली टायर

बदली टायर म्हणजे गाडीबरोबर कारखान्यातून आलेले टायर झिजल्यावर, जुने झाल्यावर किंवा खराब झाल्यावर त्यांच्या जागी बसवले जाणारे नवे टायर होत. एसयूव्ही प्रकारच्या कौटुंबिक गाड्या सामान्य मोटारीपेक्षा उंच व वजनदार असतात. त्यामुळे त्यांच्या टायरांवर अधिक भार पडतो आणि टायरांच्या निवडीचा थेट परिणाम ब्रेक लागण्याचे अंतर, वळणावरील स्थैर्य व इंधनखर्च यांवर होतो. टायर दीर्घकाळ टिकणे ही ग्राहकाची स्वाभाविक अपेक्षा असते. मात्र टिकाऊपणा हा ओल्या रस्त्यावरील पकडीच्या मोबदल्यात मिळवलेला नसावा, हे निवडीचे मूळ सूत्र मानले जाते.

संज्ञा

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती बसवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. हवा भरलेल्या रबरी धावेसाठी मात्र ‘टायर’ हाच शब्द रूढ झाला आहे. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरील खाचांच्या रचनेला नक्षी, तर बाजूच्या उभ्या भागाला बाजूभिंत म्हणतात.

‘ऑल-सीझन’ ही संज्ञा प्रामुख्याने अमेरिकेसारख्या, उन्हाळा व बर्फाळ हिवाळा दोन्ही असलेल्या प्रदेशांतील आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यावर उन्हाळी टायरचे रबर कडक होते व पकड घटते. म्हणून तेथे हिवाळी टायर स्वतंत्रपणे वापरतात किंवा दोहोंमधील तडजोड म्हणून ऑल-सीझन टायर घेतात. काही टायरांवर ‘एम+एस’ ही चिखल व बर्फदर्शक अक्षरे असतात. तीन शिखरे व हिमकण असलेले चिन्ह मात्र बर्फावरील ठराविक चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरांनाच मिळते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत बर्फाचा प्रश्न उद्भवत नाही. येथे ‘सर्व ऋतू’ म्हणजे एप्रिल-मेमधील तापलेला रस्ता आणि जूननंतरचा ओला रस्ता होय. त्यामुळे केवळ ऑल-सीझन या नावापेक्षा उष्णता सहन करण्याची क्षमता व पाण्यातील पकड हे निकष अधिक महत्त्वाचे ठरतात.

बाजूभिंतीवरील माहिती

टायरचे मोजमाप बाजूभिंतीवर कोरलेले असते. उदाहरणार्थ, ‘२१५/६० आर १७ ९६ एच’ या खुणेचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो.

- २१५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये
- ६० : बाजूभिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के
- आर : रेडियल बांधणी
- १७ : रिमचा व्यास, इंचांत
- ९६ : भारनिर्देशांक, प्रत्येक टायरची कमाल भारक्षमता ७१० किलोग्रॅम
- एच : वेगचिन्ह, कमाल २१० किमी प्रतितास

बदली टायरचा भारनिर्देशांक व वेगचिन्ह मूळ टायरपेक्षा कमी नसावे. आकार बदलल्यास बाहेरील व्यासही बदलतो. वरील टायरचा व्यास सुमारे ६९० मिमी असतो. त्याऐवजी २३५/६५ आर १७ हा टायर बसवल्यास व्यास सुमारे ७३७ मिमी, म्हणजे जवळपास ७ टक्क्यांनी अधिक होतो. अशा गाडीचा वेगदर्शक काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, तसेच टायर चाकाच्या कमानीला घासण्याची शक्यता निर्माण होते.

चार अंकी संकेत टायरच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतो. ‘३२२३’ म्हणजे २०२३ या वर्षातील बत्तिसावा आठवडा. रबर न वापरताही कालांतराने कडक होते व त्याला बारीक तडे जातात. त्यामुळे दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेला टायर ‘नवा’ असला तरी त्याचे आयुष्य काही प्रमाणात सरलेले असते. अनेक वाहननिर्माते सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करतात.

प्रकार

एसयूव्हीचे टायर स्थूलमानाने तीन प्रकारांत विभागले जातात. ‘एच/टी’ हे डांबरी व काँक्रीट रस्त्यांसाठी असतात. ते कमी आवाज करतात व इंधन वाचवतात. ‘ए/टी’ टायरांची नक्षी मोठ्या ठोकळ्यांची असते व ते कच्च्या रस्त्यावर उपयुक्त ठरतात, परंतु पक्क्या रस्त्यावर अधिक आवाज करतात आणि सहसा इंधनही अधिक लागते. ‘एम/टी’ हे खोल चिखलासाठी असून कौटुंबिक वापरास क्वचितच योग्य असतात. बहुतांश प्रवास पक्क्या रस्त्यावर होत असल्यास पहिला प्रकार पुरेसा असतो.

टिकाऊपणा व पकड

कडक मिश्रणाचे रबर हळू झिजते, तर मऊ रबर रस्ता अधिक घट्ट धरते. सिलिकायुक्त मिश्रणांमुळे या दोन गुणांतील अंतर कमी झाले असले, तरी पूर्णपणे मिटलेले नाही. काही टायरांवर अमेरिकी पद्धतीचा झीज-अंक असतो. प्रमाण टायरला १०० अंक धरून तो ठरवला जातो. मात्र प्रत्येक उत्पादक स्वतःच्या टायरची श्रेणी स्वतःच ठरवत असल्याने दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या अंकांची तुलना जपून करावी लागते. त्यासोबतची ‘एए’ ते ‘सी’ ही अक्षरे ओल्या पृष्ठभागावरील पकड, तर दुसरी ‘ए’ ते ‘सी’ ही अक्षरे उष्णतारोध दर्शवतात.

किमतीचा विचार प्रतिकिलोमीटर खर्चाने करणे उचित ठरते. समजा, ८,००० रुपयांचा टायर ४०,००० किमी चालला, तर खर्च प्रतिकिमी २० पैसे येतो. १०,००० रुपयांचा टायर ६०,००० किमी चालल्यास तो सुमारे १७ पैसे येतो. अर्थात असे गणित दोन्ही टायरांची ओल्या रस्त्यावरील पकड समाधानकारक असेल तरच उपयोगी ठरते.

नियम व मानके

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी असू नये. ही मर्यादा ओळखता यावी म्हणून खाचांच्या तळाशी उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलणे आवश्यक ठरते. पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्यापूर्वीच घटत असल्याने पावसाळ्याच्या तोंडावर सुमारे ३ मिमी खोली उरली असतानाच टायर बदलण्याचा सल्ला दिला जातो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५६३३ हे मानक प्रवासी मोटारींच्या टायरांना लागू आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये एआयएस-१४२ या मानकान्वये लोटणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड व आवाज यांच्या मर्यादा बंधनकारक केल्या.

मराठवाड्यातील वापर

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाचे गाव आहे. या परिसरातील गाडी एकाच प्रवासात शेतरस्ता, खड्डे असलेला जिल्हामार्ग आणि वेगवान राष्ट्रीय महामार्ग अशा तिन्ही रस्त्यांवरून जाऊ शकते. काळ्या जमिनीतून आलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर चिखल डांबरी रस्त्यावर येतो व पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर होते. ट्यूबलेस टायरमधील हवा अशा वेळी हळूहळू निघत असल्याने ते चालकाच्या लगेच लक्षात येत नाही. खड्ड्याच्या आघाताने बाजूभिंतीतील धागे तुटून तेथे फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

कमी हवेचा टायर फिरताना अधिक वाकतो, अधिक तापतो व वेगात फुटू शकतो. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गामुळे या प्रश्नाकडे विशेष लक्ष वेधले गेले. या ७०१ किमी लांबीच्या काँक्रीट महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किमीपर्यंत वेगाची मुभा आहे. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायरांची तपासणी सुरू केली व झिजलेल्या टायरांच्या गाड्यांना प्रवेश नाकारला. गावातील कमी वेगात निभावून जाणारा टायर अशा मार्गावरही निभावेलच, असे नसते.

बसवणे व निगा

चारही टायर एकदम बदलणे श्रेयस्कर असते. चारही चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या गाड्यांत ते विशेष आवश्यक ठरते. दोनच बदलायचे असल्यास नवे टायर मागील बाजूस बसवतात, कारण ओल्या वळणावर मागची चाके घसरल्यास गाडी सावरणे कठीण जाते. टायर बसवताना बॅलन्सिंग व व्हील अलाइनमेंट केले जाते. त्यानंतर साधारण ८,००० ते १०,००० किमीवर टायरांची अदलाबदल केल्यास झीज सारखी होते.

हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. बाजूभिंतीवरील दाब हा कमाल मर्यादा असून तो नेहमी भरावयाचा दाब नव्हे. दाब टायर थंड असताना, महिन्यातून किमान एकदा व लांबच्या प्रवासापूर्वी तपासतात. उन्हात चालून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब कमी करण्यासाठी हवा सोडू नये. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा ठरतो. स्टेपनीचा दाब व वय तपासणेही तितकेच आवश्यक असते.

जुने टायर

जुने टायर जाळल्यास विषारी धूर निर्माण होतो, तर उघड्यावर ठेवल्यास त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास होते. जुलै २०२२ च्या नियमांनुसार टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर सोपवण्यात आली आहे. काढलेले टायर दुकानदारामार्फत परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवणे हा त्यांच्या विल्हेवाटीचा योग्य मार्ग होय.