गावोगाव फिरलेली नोंदणी

आमच्या परांडा-भूम भागात बायका दुखणं अंगावर काढत. अंगावरून रक्त जातंय हे घरात सांगायलाच महिने जायचे. मग गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं, मग देवऋषी, आणि खाट धरली की कुणीतरी म्हणायचं, "टाटाला न्या." टाटा कॅन्सर रुग्णालय 1941 पासून आहे, पण मुंबईत, सुमारे 400 किलोमीटरवर. लाईट, म्हणजे किरणोपचार, घ्यायला पाच-सहा आठवडे तिथे राहायचं, तर सोबतीला कोण आणि घरची म्हैस, पोरं कोण बघणार? कितीतरी जणी उपचार अर्धवट टाकून परतत. आरोग्यसेविका म्हणून या बायकांच्या घरी मी बसले आहे, म्हणून बार्शीच्या कामाचं मोल मला ठाऊक आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात 1987 साली टाटाच्या सहकार्याने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके, 346 गावं. शहरात रुग्णालयांची रजिस्टरं चाळली की रुग्ण सापडतात. इथे बरंच दुखणं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. कुणाच्या छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यावर कुणाला पुन्हा रक्त जातंय का, तोंडातली जखम भरत नाही असं कुणी आहे का, हे विचारत राहिली. असं कुणी सापडलं की समजूत घालून त्यांना तपासणीला बार्शीला पाठवत. काही वर्षांतच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी 1995 साली ते जगापुढे मांडलं.

बार्शीच्याच सहभागाने पुढे 1999 पासून आमच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. एका गटाची, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी केली. आठ वर्षांत त्यातल्या 34 जणी या कॅन्सरने गेल्या. जिथे फक्त माहिती दिली, त्या थोड्या लहान गटात 64 गेल्या.

त्या 64 जणीही आमच्याच गावांमधल्या होत्या. त्यांच्या जिवावर मिळालेलं हे ज्ञान सगळ्यांच्या दारी पोचवणं आपलं कर्तव्य आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर भारतीय बायकांत दोघींचीही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी कधी झालेली नव्हती. आज गावोगाव आशाताई आहेत. त्यांच्या हाती तपासणीचं साहित्य द्या आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार द्या. बार्शीने वाट केव्हाच दाखवली आहे.