टीकाकार आणि उद्योजक : दादरच्या ‘हरिश्चंद्राच्या कारखान्या’ची कथा

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारधंद्यात पडलेल्या तरुणांस उपयोगी पडेल असे काहीतरी इतिहासातून निवडून लिहावे, अशी चिटणीसांनी आम्हांस सूचना केली. आपल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे परळ-लालबाग भागातील असून हिंदमाता येथील बाजारात कापडाची व शिवणकामाची दुकाने चालविणारे ज्ञातिबंधूही थोडे नाहीत. त्यांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. भांडवल कसेबसे उभे राहते, श्रमाचेही भय नाही. परंतु गिऱ्हाईक, सोयरेधायरे आणि भागीदार यांची बोलणी जिव्हारी लागतात. हिंदमात्याच्या नजीकच दादरचा जो जुना हमरस्ता आहे, त्यास आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात. ज्याचे नाव त्या रस्त्यास मिळाले, त्या पुरुषाने अशी बोलणी किती ऐकली आणि ती कशी ऐकली, हे येथे सांगण्याचा विचार आहे. फाळके आपल्या ज्ञातीचे नव्हेत. परंतु कर्तृत्वास ज्ञातीचे कुंपण घालणे आम्हांस मान्य नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले, छायाचित्रणाचा धंदा केला, पुराणवस्तु खात्यात नोकरी केली आणि ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला. तोच पुढे दादरला येऊन ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. छपाई उत्तम होती, नावलौकिकही झाला. परंतु भागीदारांशी बिनसले आणि फाळके बाहेर पडले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्यानंतर गिरगावात येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला आणि आपल्याकडील राम-कृष्ण असेच पडद्यावर का येऊ नयेत, हा ध्यास त्यांस लागला. वय चाळिशीचे, हाती पैसा नाही, रात्रंदिवस चित्रपट पाहून दृष्टीही काही काळ गेलेली. अशा मनुष्यास लोकांनी वेडा म्हटले यात नवल ते काय? या चरित्राविषयी लिहिणारे बहुधा असे लिहितात की, फाळक्यांनी कोणाचे काही ऐकले नाही, म्हणून ते यशस्वी झाले. आम्हांस हे पटत नाही. त्यांनी पुष्कळांचे ऐकले, आणि ऐकल्यामुळेच त्यांचे काम झाले.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले. लंडनमध्ये ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांस भेटले, तेव्हा त्या गृहस्थांनी त्यांस परावृत्तच केले. इंग्लंडातच कित्येक चित्रपटवाले बुडत आहेत आणि हिंदुस्थानची हवाही या कामास मानवणार नाही, असे त्यांचे मत पडले. दुसरा कोणी असता तर हा गोरा आपणांस हिणवतो असे समजून उठून आला असता. फाळके बसून राहिले. समोरचा मनुष्य अनुभवाने बोलत आहे हे त्यांनी ओळखले आणि आपली तळमळ त्याच्यापुढे मांडली. परिणाम असा झाला की, त्याच कॅबर्न यांनी त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा कलागृहाचा कारखाना त्यांस पाहावयास मिळाला आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले.

मुंबईत पैसेवाल्यांची शंका वेगळी होती. बुडीत धंद्यात रक्कम कोण घालणार? ही शंका रास्त आहे. पैसा ज्याचा, भीतीही त्याचीच. फाळक्यांनी वादविवाद केला नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि सुमारे महिनाभर कॅमेऱ्याने त्यांचे थोडेथोडे चित्रण करून, अंकुर फुटून वेल वाढते ती सर्व क्रिया मिनिट-दीड मिनिटांत पडद्यावर दाखविली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे पुढे केले. उरलेल्या रकमेसाठी पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने काढून दिले. याच बाईंनी पुढे दादरच्या मथुरा भवनात कच्च्या फितीस छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत कामे केली. त्यांजवर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

पुढे प्रश्न नटांचा. चित्रपटात तोंड रंगविणे म्हणजे घराण्यास काळिमा, असे तेव्हा मानीत. तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील उपाहारगृहात दहा रुपये पगारावर असलेल्या अण्णा साळुंके यांस पंधरा रुपये देऊन आणले. नटांच्या घरच्या मंडळींवर फाळक्यांनी आगपाखड केली नाही. कोणी विचारल्यास ‘आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामास आहो’ असे सांगावे, अशी युक्ती त्यांनी नटांस शिकविली. कारखान्यात काम करणे लज्जास्पद नव्हते, विशेषतः गिरण्यांच्या या गावात. लोकांची लाज खरी आहे हे मान्य करूनच त्यांनी वाट काढली.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चार रिळांचा, सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला व चालला. मात्र सुरतेस पहिल्या दिवशी उत्पन्न अवघे तीन रुपये झाले. थिएटरवाला म्हणाला, येथील लोकांस दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळते; तुमचा खेळ दीड तासाचा आणि दर तीन आणे! एकतर खेळ लांबवा, नाही तर दर उतरवा. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. तथापि तक्रारीचे मर्म त्यांनी जाणले. गिऱ्हाइकास चित्राविषयी तिरस्कार नव्हता. दिलेल्या पैशात भरपूर मिळावे एवढेच त्यास हवे होते. म्हणून जाहिरात केली की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत! उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले म्हणतात. आम्ही जन्मभर मुलांस मोजमापाची उदाहरणे घालीत आलो, म्हणून हिशेब करून पाहिला. ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. दर न उतरविण्यातील आत्मविश्वास आमच्या दुकानदार बंधूंनी अवश्य घ्यावा, दोन मैल मात्र घेऊ नयेत.

येथपर्यंत परक्यांच्या टीकेची हकीकत झाली. १९१८ साली नाशिकास ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. वामनराव आपटे प्रभृती भागीदार झाले. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ हे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. तरीही आत कुरबुर सुरू झाली. प्रयोगांवर खर्च फार होतो, ही भागीदारांची टीका. वस्तुतः नाडकर्ण्यांच्या भीतीहून ती निराळी नव्हती. पण नाडकर्णी बाहेरचे होते, हे घरातले. जी सहानुभूती सुरतेच्या प्रेक्षकास मिळाली ती आपटे-मंडळींस मिळाली नाही. खर्चाच्या प्रत्येक प्रश्नात फाळक्यांस आपल्या कलेवरचा अविश्वास दिसू लागला. भागीदारही चुकले असतील. कलावंताशी कसे बोलावे हे सावकारी वहीत लिहिलेले नसते. परंतु छापखान्यात जे घडले तेच पुन्हा घडले, ही गोष्ट आम्हांस नजरेआड करता येत नाही. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीस गेले आणि तेथे ‘रंगभूमि’ हे नाटक लिहीत बसले.

‘संदेश’कर्ते अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांस परत येण्याविषयी लिहिले. चित्रपटधंद्यापुरता मी मेलो आहे, असे उत्तर आले. कोल्हटकर बिलंदर! त्यांनी फाळक्यांच्या मृत्यूचाच मथळा देऊन ते पत्र छापले. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि ती सर्व काशीस रवाना झाली. ती वाचून फाळके नाशिकास परतले आणि त्याच कंपनीत पुन्हा रुजू झाले. या वेळी मात्र ते भागीदार नव्हते. ते पगारी नोकर होते.