चित्रकाराचं नाव कोणाच्या वहीत?

महाराजा रणजितसिंगाने 1809 साली कांगड्याचा किल्ला घेतला आणि पहाडी राजांच्या पदरचे चित्रकार हळूहळू शीख सरदारांसाठी कामं करू लागले. ही चित्रकला घराण्यांतून चाले. गुलेरचे पंडित सेऊ, त्यांची मुलं मानकू आणि नैनसुख, मग नातवंडं. जातीने ही मंडळी सुतार. चित्रांवर त्यांची नावं क्वचितच दिसतात. तरीही आज त्यांची वंशावळ मांडता येते, कारण बी. एन. गोस्वामी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळत बसले. तिथे नैनसुखने 1763 साली स्वतःच्या हाताने केलेली नोंद सापडली. शैली राज्याची नसते, घराण्याची असते, हे गोस्वामींनी 1968 साली 'मार्ग'मध्ये मांडलं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे पुण्याचा गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. नावातच तांब्याचं काम. 1790 साली त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रंगवला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारली. पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबरही त्याने काम केलं.

वेल्सने 1792 साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना एका चित्रात आणलं. 1795 साली साष्टीतली लेणी चितारताना तो आजारी पडला आणि आमच्या ठाण्यात वारला. त्याची वेरूळची चित्रं टॉमस डॅनियलने 1803 साली लंडनला छापली. वेल्सची मुलगी सुझॅना पुढे मॅलेटची बायको झाली, त्यामुळे सासऱ्या-जावयाचे कागद एकाच घरात राहिले. आज गंगारामची चित्रं पाहायची तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा संग्रह गाठावा लागतो.

म्हणजे नैनसुख कळतो तो तीर्थाच्या वहीतून, बाप-भाऊ-मुलांसकट. गंगाराम कळतो तो साहेबाच्या संग्रहातून, एकटाच. त्याच्याकडून कोण शिकलं, हे साहेबाला लिहून ठेवण्याची गरज नव्हती.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो. नोंद शोधायला काय लागतं, एवढं मला कळतं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. गंगारामच्या बाबतीत हे चारही हाताशी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत शोधायलाही अशीच माहिती लागते. दरबारी चित्रकलेच्या अभ्यासकाने पुण्याच्या तांबटआळीतून निघून एकदा तिथे जायला हवं.