रूथचा सरवा

इब्री धर्मग्रंथांत ‘रूथ’ या नांवाचें एक चिमुकलें पुस्तक आहे; अवघे चार अध्याय. त्यांत युद्ध नाहीं, चमत्कार नाहीं, आकाशवाणीहि नाहीं. यहुदी लोक सुगीच्या ‘शावुओत’ सणांत तें वाचतात. आपल्याकडे रूथचें नांव निघालें कीं सासूची सेवा करणारी आदर्श सून एवढा बोध सांगून प्रवचनकार मोकळे होतात. सासवांना तो आवडणारच! मला मात्र तो अपुरा वाटतो.

कथेचा आरंभ दुष्काळानें होतो. बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचें घर’. त्या घरांतलीच भाकरी संपली, तेव्हां अलीमलेख हा गृहस्थ पत्नी नामी व दोन मुलगे यांसह मवाब देशीं गेला. बीड जिल्ह्यांतील वाचकास हें प्रस्थान परकें वाटणार नाहीं. येथील असंख्य कुटुंबें आजहि हिवाळ्याच्या तोंडीं घरांना कुलुपें घालून ऊसतोडीस निघतात. मवाबांत अलीमलेख वारला आणि पुढें दोन्ही मुलगेहि गेले; मागें तीन विधवा उरल्या. नामी स्वदेशीं परत निघाली. धाकट्या दोघींना तिनें माहेरीं जावयास सांगितलें. अर्पा रडत रडत परतली, रूथ मात्र हटली नाहीं. अर्पेला कथाकारानें एका शब्दानेंहि दोष दिलेला नाहीं, हें आमच्या उपदेशकांनीं ध्यानांत घ्यावें.

बेथलेहेमीं पोंचल्यावर दोघींनीं खावें काय? सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. रूथ कापणाऱ्यांच्या मागून पडलेलीं कणसें वेचूं लागली. कपिलधारेच्या आसपास, बालाघाटाच्या माथ्यावर, ज्वारीच्या काढणीनंतर बाया वेचतात त्यास आपण ‘सरवा’ म्हणतों, तोच हा. परंतु त्या देशीं सरवा ही मालकाची मेहेरबानी नव्हती. शेताचे कोपरे कापूं नयेत, गळालेलीं कणसें उचलूं नयेत, विसरलेली पेंढी आणण्यास माघारीं जाऊं नये. तें परक्याचें, अनाथाचें आणि विधवेचें आहे, असें मोशेचें नियमशास्त्र सांगतें. रूथ परकीहि होती, विधवाहि होती. त्याच नियमशास्त्रांत मवाबी माणसाला मंडळींत घेऊं नये असेंहि एक कलम आहे! एका कलमानें दार लावलेलें, दुसऱ्यानें शेत उघडें ठेवलेलें. रूथ शेतांतून आंत आली. संध्याकाळीं तिनें वेचलेलें झोडपलें, तेव्हां सुमारें एक एफा, म्हणजे वीस-बावीस लिटर, सातू निघाले. शेताचा मालक बवाज यानें गड्यांना बजावलें होतें कीं, मूठभर कणसें मुद्दाम गळूं द्या आणि तिला रागावूं नका. घेणारीस आपण दान घेत आहों असें वाटूं नये, ही काळजी मला मूठभर कणसांपेक्षां मोठी वाटते.

कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीस येणाऱ्या वीरशैव यात्रेकरूंना येथें बाराव्या शतकांतील कल्याणच्या आयदक्की मारय्याची आठवण होईल. अंगणांत सांडलेले तांदूळ वेचणें हेंच त्याचें ‘कायक’. एके दिवशीं त्यानें गरजेहून अधिक आणले. पत्नी लक्कम्मेनें ते परत टाकून येण्यास सांगितलें. रूथ पोटापुरतें मिळविण्यास घराबाहेर पडली, लक्कम्मेनें पोटापलीकडचें परत पाठविलें. लाचारी दोघींनाहि माहीत नव्हती.

पुढें बवाजानें रूथशीं विवाह केला. त्याच्याहून जवळचा एक नातलग होता. पण आपल्या वतनास धक्का बसेल म्हणून तो मागें सरला. वेशींत दहा वडिलांसमक्ष ठरलें कीं, या विवाहानें मृत पतीचें नांव त्याच्या जमिनीवर कायम राहील. इंग्रजी अंमलांतील १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानें पुनर्विवाहास मान्यता दिली खरी, परंतु त्याच्याच दुसऱ्या कलमानें पुनर्विवाहितेचा पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क नाहींसा केला. लग्न करावें तर अन्नावर पाणी सोडावें! बेथलेहेमच्या त्या म्हाताऱ्यांची समज या बाबतींत अधिक शहाणी होती.

हें पुस्तक मराठींत आणणाऱ्यांत एक विधवाच होती. पंडिता रमाबाईंचे आईबाप १८७० नंतरच्या दुष्काळांत भटकतांना गेले. विवाहानंतर दोन वर्षांच्या आंत, १८८२ सालीं, त्यांस वैधव्य आलें. १८९६ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून त्यांनीं निराधार मुली व विधवा आणून केडगांवीं ठेवल्या, पण नुसत्या पोसल्या नाहींत. शेती, विणकाम, छपाई असे धंदे त्यांना शिकविले. इब्री व ग्रीक शिकून रमाबाईंनीं संपूर्ण बायबलाचें भाषांतर केलें. तें साध्या बायांना कळावें एवढाच त्यांचा हट्ट होता. भाषा रुक्ष झाली असें म्हणणारे पुष्कळ निघाले. १९२२ च्या एप्रिलांत त्या वारल्या आणि १९२४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे केडगांवच्या ‘मुक्ति’ छापखान्यांत तेथल्या बायकांनीं जुळविले होते.