उपजत गुण आणि १८७१ चा कायदा

पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वीं मेहकर तालुक्यांतील जानेफळ काय किंवा वऱ्हाडांतील दुसरें कोणतेंहि गांव काय, तेथील घरोघरची भाकरी जात्यावर अवलंबून असे. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला म्हणजे दळण नीट होत नसे. मग त्यास टाकी लावून घ्यावी लागे. वऱ्हाडांत हें काम गांवोगांव हिंडून करणारे लोक टाकणकर या नांवानें ओळखले जात. पारधी जमातीची ती एक शाखा. दुसरी शाखा फासेपारध्यांची. फासे मांडून पांखरें व जनावरें धरणें हा त्यांचा उद्योग.

दगड न फोडतां त्यावर नेमकी खांच पाडणारा हात, किंवा पांखराची वाट ओळखणारा डोळा, जन्माबरोबर येत नाहीं. मूल बापाशेजारीं बसून तो कमावतें. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेंच कसब एका जमातींत दिसलें म्हणजे पाहणारास तें रक्तांतच आहे असें वाटूं लागतें. या भ्रमास १८७१ सालीं कायद्याचें रूप मिळालें. सुतारकी किंवा विणकाम जसें जातींत चालत येतें, तसा गुन्हाहि कांहीं जमातींत चालत येतो, असा युक्तिवाद तेव्हां करण्यांत आला. गुन्हेगार जमातींचा हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला; १९११ मध्यें तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाकरितां झाला. जाहीर झालेल्या जमातींच्या लोकांची नोंद होई, हजेरी घेतली जाई, परवान्यावांचून हिंडण्यास बंदी येई. अनेक ठिकाणीं पारध्यांवरहि हा शिक्का बसला.

या कायद्यानें आपलें खंडन आपणच केलें. त्याच्या १९२४ च्या सुधारलेल्या स्वरूपांत, या जमातींचीं मुलें आईबापांपासून वेगळीं करून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारास होता. गुन्हा रक्तांत असेल, तर शाळा कशाकरितां? आणि शाळेनें मनुष्य बदलत असेल, तर जन्मतःच त्याच्यावर संशय कां? सुतारकी तरी कोणा सुताराच्या मुलास शिकल्यावांचून आली आहे?

उपजत असें कांहींच नाहीं, असें मात्र नव्हे. रक्तगट आईबापांकडूनच येतो. भाषा शिकण्याची शक्तीहि मनुष्यमात्रास उपजतच असते. भाषा मात्र मिळवावी लागते. पारध्याचें मूल घरीं गुजराथीशीं नातें असलेली पारधी बोली शिकतें आणि बाजारांत वऱ्हाडी. स्वभावाचा तापटपणा किंवा शांतपणा कांहीं अंशीं जन्माचा असूं शकेल; परंतु चोरी हा स्वभाव नव्हे, तें कृत्य होय. कृत्याचा जाब करणारास विचारावा, त्याच्या पाळण्यांतील मुलास नव्हे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. टाकणकर हें नांव आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत पारध्यांच्या नोंदींत आहे. जातीं घरांतून गेलीं, टाकीचा आवाजहि थांबला. पण कोठें चोरी झाली कीं प्रथम पारध्याच्या पालाकडे बोट दाखविण्याची संवय गेली नाहीं. तीहि कोणाच्या रक्तांतली नव्हे. कायद्यानें ऐंशीं वर्षें ती शिकविली; शिकलेली आहे, म्हणूनच ती सोडतां येण्याजोगी आहे.